नवं इंजिन आलं, हे रेल्वेप्रेमींना कळतं कसं?

गाडी फलाटाला लागली की बहुतेक जण आपला डबा शोधत धावतात. काही जण मात्र उलट्या दिशेने, थेट इंजिनाकडे जातात, त्यावरचा पाच आकडी नंबर वाचतात आणि टिपून ठेवतात. बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण याच टिपणांतून कुठल्या कारखान्यातून किती नवी इंजिनं निघाली, ती कुठल्या शेडला गेली आणि कुठल्या गाडीला लागली, याचं चित्र तयार होतं. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला यात सगळ्यात जास्त मजा वाटते ती डेटाची. आज तेच सोपं करून बघू. उदाहरणाला घेऊ आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं प्रवासी विद्युत इंजिन, डब्ल्यूएपी-७.

आधी नाव वाचूया

‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज, १६७६ मिलीमीटर रुंदीचा रूळ. ‘ए’ म्हणजे एसी, डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्ट. ‘पी’ म्हणजे पॅसेंजर आणि ७ हा डिझाइनचा क्रमांक. ‘पी’च्या जागी ‘जी’ आला तर ते मालगाडीचं इंजिन. मुंबई-पुण्याकडच्या जुन्या मंडळींना आठवणाऱ्या डब्ल्यूसीएएम इंजिनांत ‘सीए’ होतं, कारण ती डीसी आणि एसी दोन्हींवर चालायची.

पहिलं डब्ल्यूएपी-७ बंगालमधल्या चित्तरंजन कारखान्यातून २००० साली आलं. नंबर ३०२०१, नाव ‘नवकिरण’. हे इंजिन म्हणजे डब्ल्यूएजी-९ या मालगाडीच्या इंजिनाचा सख्खा भाऊ. मोठा फरक गिअरचा. मालगाडीवाल्यात गिअरचं प्रमाण ७७:१५ आहे, म्हणजे चाक एकदा फिरायला मोटर सुमारे ५.१ वेळा फिरते. डब्ल्यूएपी-७ मध्ये ते ७२:२०, म्हणजे ३.६ वेळा. सायकलचा गिअर बदलल्यासारखंच हे: ओढण्याचा जोर थोडा कमी, वेग जास्त. म्हणून हे ताशी १४० किलोमीटरपर्यंत धावू शकतं.

लांबून मात्र दोघं जवळपास सारखेच दिसतात. म्हणून रेल्वेप्रेमी रंगावर किंवा आकारावर विसंबत नाहीत. नंबर वाचतात.

नोंद कशाकशाची होते?

२०२४-२५ या एका वर्षात देशात १६८१ इंजिनं तयार झाली. त्यातली ७०० एकट्या चित्तरंजनची. वाराणसी आणि पतियाळा हे आधी डिझेलचे असलेले कारखानेही आता विद्युत इंजिनं बनवतात. मोठा हिस्सा मालगाड्यांच्या इंजिनांचा असतो, पण तरी दिवसाला साडेचारच्या वर इंजिनं झाली! एकट्या माणसाने वहीत लिहून हे जमणारं नाही. म्हणून अनेकांच्या नोंदी एका तक्त्यात येतात.

एका इंजिनाच्या आयुष्याचे सुरुवातीचे टप्पे साधारण असे असतात: कारखान्यातून बाहेर पडणं, नेमून दिलेल्या शेडपर्यंतचा प्रवास, शेडमधली तपासणी आणि मग पहिली गाडी. इंजिनाच्या अंगावर शेडचं नाव रंगवलेलं असतं. आपल्याकडे कल्याण, अजनी, भुसावळ, पुणे ही नावं नेहमी दिसतात. तक्त्यात नंबर, शेड, दिसलं ती जागा, तारीख, गाडी क्रमांक आणि फोटो इतके रकाने असले तरी पुरेसं होतं.

इथे एक नियम महत्त्वाचा आहे. ‘दिसलं’ आणि ‘दाखल झालं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भुसावळला दिसलेलं नवंकोरं इंजिन भुसावळ शेडचंच असेल असं नाही. ते पुढे कल्याणला निघालेलं असू शकतं. म्हणून चांगल्या तक्त्यात पाहिलेलं वेगळ्या रकान्यात आणि त्यावरून काढलेला अंदाज वेगळ्या रकान्यात लिहितात. जुनी नोंद खोडायची नाही, नवी ओळ जोडायची. उद्या शेड बदललं तर आधीचा इतिहास शिल्लक राहतो. बँकेचं पासबुक जसं असतं, तसंच.

एक आकडा चुकला तर?

मालगाडीच्या वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो आणि त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. त्यामुळे लिहिताना एखादा आकडा चुकला तर संगणक लगेच पकडतो. इंजिनाच्या पाच आकडी नंबरात अशी सोय नाही. पावसात, वेगात जाणाऱ्या गाडीवर ३ चा ८ वाचला, तर जे तयार झालंय ते एक वेगळंच, अगदी खरंखुरं इंजिन! तक्ता ते निमूट स्वीकारतो. म्हणून फोटो किंवा दुसऱ्या माणसाची स्वतंत्र नोंद मिळेपर्यंत ती ओळ कच्ची धरणं बरं.

न पाहिलेली इंजिनं कशी मोजायची?

आता खरी गंमत. समजा एका नव्या मालिकेत इंजिनांना १ पासून सलग नंबर दिलेत. तुम्हाला पाच दिसली: ४, ११, १७, २३ आणि ३०. एकूण किती बनली असतील? किमान ३० तर नक्की. पण नेमकं शेवटचंच इंजिन आपल्याला दिसलं असेल, ही शक्यता कमी. पाहिलेल्या नंबरांमध्ये सरासरी जेवढी दरी आहे तेवढीच दरी ३० च्या पुढेही धरायची. सूत्र असं: सगळ्यात मोठा नंबर, अधिक तोच नंबर भागिले पाहिलेली संख्या, वजा १. म्हणजे ३० + ६ − १ = ३५.

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मन रणगाड्यांच्या सुट्या भागांवरचे नंबर घेऊन असाच हिशेब केला होता. जून १९४१ साठी हेरांचा अंदाज होता महिन्याला १५५० रणगाडे. नंबरांवरून आलेला अंदाज २४४. युद्धानंतर जर्मन कागदपत्रांत आकडा सापडला २७१!

पण हे सूत्र डोळे झाकून डब्ल्यूएपी-७ ला लावलं तर फसगत ठरलेली. ३०२०१ पासून सुरू झालेली मालिका पुढे ३७ आणि ३९ ने सुरू होणाऱ्या नंबरांतही गेली. कारखाने तीन. शिवाय कल्याणला उभं राहून नोंद करणाऱ्याला जवळच्या शेडची इंजिनं जास्त दिसणार, हावड्याची कमी. सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक इंजिन दिसण्याची शक्यता सारखी आहे. तसं नसेल तर उत्तर सुबक येतं, पण चुकीचं येतं. डेटा सायन्स शिकणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

प्रवाशाला याचं काय?

बरंच काही. लाल एलएचबी डब्यांच्या गाड्यांना दिवे-एसीसाठी दोन्ही टोकांना डिझेल जनरेटरचे डबे असायचे. आता योग्य कन्व्हर्टर बसवलेलं इंजिन वरच्या तारेतली वीज ७५० व्होल्ट करून थेट डब्यांना देतं. मग एक जनरेटर राखीव ठेवून दुसऱ्या जनरेटर डब्याच्या जागी प्रवासी बसू शकतात. फलाटावरची घरघर आणि धूर थांबतो तो वेगळाच. कुठल्या इंजिनात ही सोय आहे, याची नोंदही रेल्वेप्रेमी ठेवतात.

दुसरं म्हणजे इतिहास. चित्तरंजनमध्ये बनलेलं पहिलं विद्युत इंजिन १९६१ चं, १५०० व्होल्ट डीसीवर चालणारं, आणि त्याचं नाव होतं ‘लोकमान्य’. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागातली डीसी वीज २०१६ मध्ये संपली. कोकण रेल्वेचा रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण विद्युतीकरण होऊन २०२२ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. प्रत्येक वेळी जुनी इंजिनं हटली, नवी आली. इंजिन भंगारात गेल्यावर ते कुठे, कुठल्या गाडीला धावलं, हे सामान्य माणसाला सांगणारं बऱ्याचदा अशाच एखाद्या हौशी वहीतलं पान उरतं.

सुरुवात करायची असेल तर

फलाटावरून, पिवळ्या रेषेच्या आतून. रुळांत किंवा यार्डात विनापरवानगी शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. आणि २५,००० व्होल्टच्या तारेला हात लागावाच लागतो असं नाही. लांब सेल्फी स्टिक घेऊन जवळ गेलं तरी वीज मधली हवा ओलांडून येऊ शकते. नंबर चुकला तर ती गाडी उद्या परत येते.

आज एवढंच करा: पुढच्या प्रवासात इंजिनाचा नंबर, शेडचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. तेच इंजिन पुन्हा कधी दिसलं, तर वहीतली पहिली ओळ शोधायला लागाल.