फरशीखालचा थर

तीन वर्षांपूर्वी गडमुडशिंगीतल्या आमच्या घराचे स्वयंपाकघर आम्ही मागच्या बाजूला वाढवून घेतले. ईद तोंडावर आली होती. टाइल्सचा रंग ठरवायला आम्ही दोन रविवार कोल्हापुरातली दुकाने पालथी घातली, पण त्या टाइल्सच्या खाली काय येणार, हे विचारायला दोन मिनिटेसुद्धा काढली नाहीत. कोबा संध्याकाळी झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर टाइल्स बसल्या. ईदला आलेल्या प्रत्येकाने जमिनीचे कौतुक केले.

वर्ष उलटायच्या आत ओट्याजवळच्या टाइल्स पायाखाली पोकळ वाजू लागल्या. मग एकीची कड बोटभर वर आली. एका पहाटे वजूसाठी उठलेल्या अम्मींचा पाय त्या कडेला अडकला आणि मनगटाचे हाड मोडले. दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता.

टाइल्स उखडल्या तेव्हा कारण समोर आले. खालचा कोबा नखाने खरवडला तरी भुगा होत होता. त्याच्याही खाली काळ्या मातीचा सैल भराव होता आणि तो एका बाजूला खचला होता. टाइल्सचा त्यात काही दोष नव्हता.

यंदा धाकट्या भावाने घर बांधायला काढले, तेव्हा मी शाळा सुटली की रोज तिथे जाऊन बसू लागले. त्याचे मिस्त्री वयस्क आणि अनुभवी. त्यांच्याकडून जे शिकले आणि नंतर वाचून पडताळले, ते घर बांधणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या उपयोगाचे आहे.

सुरुवात भरावापासून. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर घातलेली जमीन तिच्याबरोबर हलते. म्हणून जोत्यात मुरूम भरावा, तोही एकदम नाही. अर्धा-अर्धा फुटाचे थर देऊन, पाणी मारून, धुमसाने चोपून घ्यावा. त्यावर दगडाचे सोलिंग आणि मग कोबा. आमच्याकडे हीच पायरी गाळली गेली होती.

मालाचे प्रमाण. घरातल्या कोब्याला १:२:४ हे प्रमाण चालते : एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग बारीक खडी. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत दोन इंच जाडीच्या कोब्याला साधारण साडेतीन पोती सिमेंट, नऊ घनफूट वाळू आणि अठरा घनफूट खडी लागते. हा हिशेब आधी माहीत असला, तर दोन पोत्यांत काम उरकले जात असताना आपण विचारू शकतो. मोजायला घमेले नको, कारण एक घमेले शिगोशीग भरते, दुसरे अर्धे. पस्तीस लिटरचा फर्मा वापरावा. ५० किलोच्या एका पोत्यातले सिमेंट तेवढेच भरते.

पाणी. सगळ्यात जास्त चूक इथे होते. सिमेंट घट्ट होण्याच्या क्रियेला त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाइतकेच पाणी लागते. काम करता यावे म्हणून आपण पोत्याला पंचवीस लिटरपर्यंत घालतो. त्यापुढचे पाणी वाळताना उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. कोबा तिथेच कच्चा राहतो. मिस्त्री म्हणाले, ‘‘बाई, माल पातळ केला की पाटा झरझर फिरतोय, गड्याला बरं वाटतंय. पन नंतर घरमालक रडतोय.’’ वर आलेले पाणी शोषायला कोरडे सिमेंट भुरभुरणे हेही चूकच. त्याचा पापुद्रा पुढे सुटतो आणि कितीही झाडले तरी धूळ निघत राहते.

लेव्हल आणि ढाळ. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांत खुणा करून ठिय्ये मारून घ्यावेत. खोलीत जमीन सपाट हवी. न्हाणीघरात आणि वजूच्या जागेत मात्र जाळीकडे ढाळ हवा, चाळीस इंचांना सुमारे एक इंच. हा ढाळ कोब्यातच काढायचा असतो, टाइल्स बसवताना तो नीट साधत नाही. तांब्याभर पाणी ओतून ते जाळीपर्यंत जाते का, हे टाइल्स बसण्याआधी बघावे. साचलेल्या पाण्यावर घरातली म्हातारी माणसे आणि मुले घसरतात.

पाणी मारणे. कोबा घट्ट झाला की दुसऱ्या दिवसापासून किमान सात दिवस तो ओला राहिला पाहिजे. उन्हाळ्यात दहा दिवस ठेवलेले चांगले. भोवती मातीचा बांध घालून पाणी साठवावे किंवा ओली पोती अंथरावीत. भावाकडे हे काम भाभी आणि मुलांनी वाटून घेतले होते. याला पैसे लागत नाहीत, घरातले माणूस लागते.

वाळण्याची वाट. गिलाव्यावर टाइल्स लगेच बसवायच्या पद्धतीत बेड आणि टाइल एकाच दिवशी होतात. तो माल ओलसर हवा : मुठीत दाबला तर गोळा व्हावा, तळहाताला पाणी लागू नये. पण आधी कोबा करून त्यावर चिकट मिश्रणाने टाइल्स लावायच्या असतील, तर कोबा वाळू द्यावा. दोन इंचांचा थर वाळायला दीड-दोन महिने लागू शकतात. तीन फूट प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून दव दिसले, तर अजून थांबावे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात ज्यांच्या घरांत पंचगंगेचे पाणी शिरले, त्यांनी ही ओल किती मुरते ते अनुभवले आहे. पूर ओसरल्यावरही जमीन आतून ओलीच असते.

दुकान किंवा कारखान्याचा गाळा असेल, तर घरचा दोन इंची कोबा पुरत नाही. हातगाड्या, पोत्यांच्या थप्प्या, यंत्रे यांचा भार वेगळा. तिथे चार इंच किंवा जास्त जाडीचे काँक्रीट घालून ट्रिमिक्स करतात : पंपाने जादा पाणी ओढून घेतात, यंत्राने घोटतात आणि ठरावीक अंतरावर खाचा कापतात. काँक्रीट आकसताना भेग पडणारच; ती खाचेत पडली की बाकी जमीन धड राहते. घरातल्या मोठ्या कोब्याचेही याच कारणाने सहा-सहा फुटांचे चौकोन पाडतात.

घर बांधताना जमीन शेवटी येते. तोवर हातातला पैसा संपलेला असतो आणि लग्न, ईद किंवा वास्तव्याची तारीख ठरलेली असते. मग जी गोष्ट दिसत नाही, तिच्यातच कपात होते. महागड्या टाइल्सऐवजी साध्या घ्या, नाहीतर वर्षभर नुसत्या कोब्यावर राहा. चांगला कोबा उघडाही वर्षानुवर्षे टिकतो, वर टाइल्स कधीही येतात.

भावानेही तेच केले. टाइल्स पुढच्या वर्षी. घर दाखवायला बोलावले, तेव्हा अम्मी आधी चप्पल काढून सगळ्या खोल्यांतून सावकाश फिरल्या. मग कोब्यावरच जानमाज अंथरून असरची नमाज अदा केली. उठताना डाव्या हाताचा आधार घेतला. उजव्या मनगटावर अजून भार देववत नाही.