गढूळ पाणी आणि माशांचा कळप

श्रावणांत शेततळ्यांत मत्स्यबीज सोडावें आणि पोळ्याच्या सुमारास नाल्याचा लोंढा आंत शिरावा, हा प्रकार अमरावती-अकोल्याकडे पुष्कळांच्या परिचयाचा आहे. पाणी चहासारखें होतें. मासे खाद्यावर येईनासे होतात. बीज मेलें असें समजून कोणी खाद्य बंद करितो, कोणी दुप्पट टाकितो. आमचे मतें दोन्हींत नुकसान आहे. कारण पुष्कळदां मासे मेलेले नसून पांगलेले असतात.

रोहू, कटला यांचीं बोटुकलीं कळपानें फिरतात. हा कळप मुख्यत्वें डोळ्यांनीं धरलेला असतो. शेजारी वळला कीं आपणही वळावयाचें, एकास खाद्य सांपडलें कीं सर्वांनीं तिकडे धांवावयाचें, बगळ्याची सांवली एकानें पाहिली कीं सर्वांनीं खोल जावयाचें. माशाच्या कुशीवर बारीक छिद्रांची एक रेघ असते, तिनें पाण्याची हालचाल कळते. 1976 सालीं पिचर, पार्ट्रिज व वॉर्डल या शास्त्रज्ञांनीं सेद नांवाच्या समुद्री माशांच्या डोळ्यांवर, घाण्याच्या बैलास बांधतात तशा, तात्पुरत्या झापडा बसविल्या. तरी ते मासे कळपाबरोबर पोहत राहिले. मात्र ही रेघ जवळच्या शेजाऱ्यापुरतीच उपयोगी पडते. दूरचा सोबती डोळ्यांनींच शोधावा लागतो, आणि गढूळ पाण्यांत तो दिसत नाहीं. डासांच्या अळ्या खाण्याकरितां आपण हौदांत सोडतों त्या गप्पी माशांवरील 2015 सालच्या अभ्यासांत हेंच आढळलें: पाणी गढूळ झालें कीं टोळ्या लहान होतात व एकट्यानें फिरण्याचा वेळ वाढतो.

पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांत हें संकट अधिक चिवट आहे. तेथील चिकण मातींत सोडियम अधिक. त्यामुळें तिचे कण एकमेकांस धरीत नाहींत व पाण्यांत दीर्घकाळ तरंगतात. पेरेपत्रकें लिहिण्यांत आमची हयात गेली, पण पाण्याच्या रंगास त्यांत रकाना नव्हता!

रंग मात्र पारखून घ्यावा. कोपरापर्यंत हात बुडवून तळवा दिसेनासा झाला व पाणी हिरवट असेल, तर तें सूक्ष्म वनस्पतींचें, माशांस पोषक पाणी होय. मातकट पाणी निराळें. त्यांत ऊन शिरत नाहीं व हें नैसर्गिक खाद्यही वाढत नाहीं.

अशा दिवसांत खाद्य रोज त्याच वेळीं, त्याच कोपऱ्यांत, छिद्रें पाडलेल्या पिशवींत टांगून द्यावें. एकटा मासाही संवयीनें व वासानें तेथें पोहोंचतो. संध्याकाळीं पिशवी चांचपून पाहावी व उरलें असेल त्या मानानें दुसऱ्या दिवशीं कमी करावें. सडलेलें खाद्य पाण्यांतील प्राणवायु खातें.

नाल्याचें पाणी एकदम आंत न घेतां वरच्या बाजूस खड्डा करून गाळ तेथें बसूं द्यावा. बांधाच्या उतारावर गवत राखावें. माती खारपाणाची असेल तर जिप्सम उपयोगी पडतो. त्यांतील चुन्याच्या अंशानें कण एकत्र येऊन खालीं बसतात. पण आधीं बादलीभर पाण्यांत प्रयोग करून मगच प्रमाण ठरवावें. तुरटीनेंही पाणी निवळतें, परंतु ती पाणी आंबट करिते, म्हणून मासे असलेल्या तळ्यांत हात आंखडता ठेवावा. आणि सायप्रिनस जातीचें बीज अशा तळ्यांत फार सोडूं नये. तो मासा तळ उकरून खातो व बसलेला गाळ पुन्हां वर काढतो.