स्वाक्षरीमागचा सेनानी

व्यक्ती तितके छंद! कोणी पोस्टाची तिकिटे जमवितो, कोणी जुनी नाणी. युद्धकाळातील सेनाधिकाऱ्यांची स्वाक्षरीयुक्त छायाचित्रे जमविणारेही जगात पुष्कळ आहेत. वरवर साध्या वाटणाऱ्या या छंदात इतिहास तर आहेच, पण विवेकाची कसोटीही आहे.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे उदाहरण घेऊ. १९३९ च्या सप्टेंबरात तेथे ‘नाइट्स क्रॉस’ हे पदक सुरू झाले. हिटलरचा छायाचित्रकार हाइन्रिख हॉफमन याने पदकविजेत्यांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली. मुले ती जमवीत आणि त्यांवर सह्या मागत. राजवटीला हा प्रचार हवाच होता. युद्ध संपल्यावर हयात अधिकाऱ्यांना पत्रे लिहून सह्या मिळविणारे संग्राहक निर्माण झाले. त्यामुळे छायाचित्र युद्धातले, पण सही कित्येक वर्षांनंतरची, असेही आढळते.

मागणी आली की नकलाही येतात. मग अस्सल सही ओळखावी कशी? पहिली गोष्ट म्हणजे भिंग. सही छापील असेल तर पुष्कळदा भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात. हाताने केलेल्या सहीत शाईचा ओघ आणि लेखणीचा दाब जाणवतो. दुसरी गोष्ट लेखणी. गुंटर प्रीन या पाणबुडी अधिकाऱ्याने ऑक्टोबर १९३९ मध्ये ‘रॉयल ओक’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडविली आणि मार्च १९४१ मध्ये तो स्वतःच समुद्रात नाहीसा झाला. बॉलपेन बाजारात रुळले ते युद्धानंतर. तेव्हा प्रीनची बॉलपेनने केलेली सही कोणी दाखविली, तर ती खोटी हे सांगायला पंडित नको! तिसरी गोष्ट कागद. युद्धानंतरच्या कागदात शुभ्रतेसाठी रसायने मिसळू लागले. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर चमकतो.

परंतु सही अस्सल ठरली म्हणजे माणूस थोर ठरला काय? इटलीतील जर्मन सेनापती केसेलरिंग याचेच पाहा. मार्च १९४४ मध्ये रोमजवळच्या आर्देआतीन गुहांत ३३५ जणांची हत्या झाली. त्याबद्दल १९४७ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावला. पुढे शिक्षा कमी होऊन १९५२ मध्ये तो सुटलाही. त्याच्या सहीचे छायाचित्र पुरावा म्हणून जपणे वेगळे आणि देव्हाऱ्यात ठेवल्यासारखे पूजणे वेगळे.

याच केसेलरिंगच्या सैन्याशी लढताना १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. सारे सहकारी मारले गेले वा घायाळ झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय अवघे बावीस! त्यांच्या सहीसाठी कोणी पोस्टकार्ड छापले नव्हते.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजी अजून कागदावर अंगठाच उठविते. म्हणूनच असेल, पण सही हाच मोठेपणाचा दाखला, हे मला पटत नाही. मित्रहो, हा छंद जरूर जोपासावा. मात्र सही पारखताना भिंग वापरावे आणि माणूस पारखताना इतिहास वाचावा. शिवाय ज्यांच्या सह्या मागायला कोणी गेलेच नाही, त्यांची नावेही त्याच वहीत लिहून ठेवावीत.