मुलाच्या कलाने चालणारी शाळा

सुरतेहून हजीऱ्याच्या रस्त्याला इच्छापोर लागते. गाणे शिकविण्याच्या निमित्ताने सध्या माझा मुक्काम तेथे आहे. तेथील मराठी घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार कानी येतो : मूल आपल्या कलाने शिकेल अशी शाळा खरोखर चालते काय? आणि पाठोपाठ दुसरा : इतके मोकळे सोडल्यावर ते बिघडणार नाही काय?

उत्तर गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरच सापडते. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. पुढे राजकोटची प्राचार्यपदाची नोकरी सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. दोघांनीही मारिया माँटेसोरी यांची पद्धती आपली मानली.

या पद्धतीच्या साहित्यात घंटांचा एक संच असतो. दिसायला घंटा एकसारख्या, स्वर मात्र निराळे. मुलाने एक वाजवावी आणि त्याच स्वराची दुसरी शोधून काढावी. चुकले तर शिक्षकाने सांगायचे नाही. मुलाचा कानच ते सांगतो. आम्हां गाणाऱ्यांना यातले मर्म चटकन उमगावे. ‘बेसूर झालास’ असे पदोपदी ऐकणारे मूल गुरुजींच्या चेहऱ्याकडे पाहू लागते आणि तंबोऱ्याकडे कान द्यायचे विसरते.

तेव्हा स्वातंत्र्य म्हणजे दंगा नव्हे. काय उचलायचे ते मूल ठरवील. परंतु त्याच्यापुढे काय मांडायचे, हे शिक्षकाने विचारपूर्वक ठरवायचे असते. त्याने तोंड आवरायचे, हात आवरायचा, पण मुलावरची नजर काढायची नाही. शिस्त नाहीशी होत नाही. ती मुलाच्या पाठीवरून शिक्षकाच्या खांद्यावर येते. अशा शाळा थोड्या का, याचे पहिले कारण हेच. असा शिक्षक तयार करणे इमारत बांधण्याहून कठीण.

दुसरी अडचण पैशाची. माँटेसोरीचे साहित्य महाग. १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, तेव्हा अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. तेथे त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने, खडे यांतूनच साहित्य उभे केले. मुले शाळेपर्यंत येईनात, तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाली : मूल जेथे, तेथे शिक्षक. मुलाच्या कलाने जाणे म्हणतात ते याहून निराळे काय असणार?

हे लक्षात घेतले, म्हणजे आजची एक विसंगती डोळ्यांत भरते. गरिबांच्या अंगणात वाढलेली ही कल्पना शहरांतून पुष्कळदा भारी शुल्काच्या पाटीखाली विकली जाते.

तिसरी अडचण आपल्या घरातली. शेजारचे मूल पाढे म्हणू लागले की आपला धीर सुटतो. त्यात कायद्याची चौकट आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मान्यता आवश्यक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीला नापास करण्याची मुभा राज्यांना परत दिली. २०२० चे शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळातून शिक्षण सांगते खरे. पण पुढे काय, हे पालकांनी शाळेला आधीच विचारलेले बरे.

बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, याचा आपणांस रास्त अभिमान आहे. त्या सक्तीने मुलांना शाळेच्या दारापर्यंत आणले. आत गेल्यावर रमणे मात्र कोणत्याही हुकुमाने होत नसते. म्हणून शाळा पाहायला जाल, तेव्हा भिंतींवरची चित्रे थोडी कमी पाहा. मूल कामात गढलेले असताना शिक्षक काय करतो, ते दूर उभे राहून पाहा. तो गप्प राहू शकत असेल आणि तरीही त्याचे लक्ष मुलाकडे असेल, तर मुलाला खुशाल तेथे घाला.