जुन्या ‘ऑल-इन-वन’ कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसतं का? पैसे देण्याआधी हे तपासा

धडगावच्या बाजारात एक छोटं दुकान आहे. फ्लेक्सचं डिझाइन, लग्नाचे अल्बम आणि पावरी गाण्यांचे व्हिडिओ तिथे तयार होतात. दुकानातला कॉम्प्युटर ऑल-इन-वन, म्हणजे स्क्रीनच्या पाठीतच सगळं यंत्र असलेला, साधारण २०१३ मधला. होळीच्या दिवसांत मी तिकडे गेलो होतो, तेव्हा दुकान चालवणाऱ्या तरुणाने मोबाइलवर एक फोटो दाखवला. शहरातल्या एका दुकानदाराने त्याला तो पाठवला होता. दोन पंख्यांचं चकचकीत ग्राफिक्स कार्ड आणि खाली मजकूर: ‘फिटिंगसह १४,०००. मशीन ठेवून जा, आठ दिवसांत देतो.’

‘‘भाऊ, हे टाकलं की व्हिडिओ अडकणार नाही ना?’’

मी इंजिनीअरिंग केलंय, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. (अशा वेळी शाखा कोणी विचारत नाही. माझी मेकॅनिकल.) पण या प्रश्नाचं उत्तर द्यायला फार शिक्षण लागलं नाही. फोटोतल्या कार्डाची नुसती जाडी त्याच्या मशीनच्या पाठीत मावणारी नव्हती. आणि प्रश्न फक्त १४,००० रुपयांचा नव्हता. लग्नसराई तोंडावर होती. आठ दिवस मशीन नाही म्हणजे आठ दिवस दुकान बंद. शिवाय ते मशीन मांडीवर घेऊन एसटीने चांदसैली घाटातून किंवा शहाद्याच्या वाटेने न्यायचं आणि तसंच परत आणायचं.

आधी थेट उत्तर देऊन टाकतो. बहुतेक जुन्या ऑल-इन-वनमध्ये ग्राफिक्स कार्ड बदलता येत नाही. मोजक्या मॉडेलमध्ये येतं. आणि ज्या कामासाठी लोक ते बदलायला निघतात, त्यातलं बरंचसं काम कार्डाशिवायही सुधारतं.

का बसत नाही?

टेबलाखाली ठेवायच्या उभ्या डब्याच्या कॉम्प्युटरमध्ये मदरबोर्डवर एक लांब खाच असते, पीसीआय एक्स्प्रेस स्लॉट. ग्राफिक्स कार्ड त्यात बसतं. ऑल-इन-वनचा मदरबोर्ड लॅपटॉपच्या मदरबोर्डचा भाऊ म्हणावा असा. त्यावर ही खाच नसते. चित्र दाखवण्याचं काम बहुधा प्रोसेसरच्या आतलाच भाग करतो. वेगळी ग्राफिक्स चिप असली, तरी ती बोर्डावर कायमची डाखलेली असते. ‘चिप गरम करून देतो, चालू होईल’ असं सांगणारे भेटतात. बंद पडलेली चिप त्याने कधी कधी काही दिवस, काही आठवडे चालतेही. पण ती दुरुस्ती झाली, अपग्रेड नव्हे, आणि टिकाऊ दुरुस्तीही नव्हे.

दुसरी अडचण विजेची. या मशीनला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर असतो. त्यावर वॉटमध्ये आकडा छापलेला असतो, बहुधा ६५ ते १५० च्या दरम्यान. धडगावच्या त्या मशीनचा होता ९०. स्लॉटमधूनच वीज घेणारी साधी डेस्कटॉप कार्डंसुद्धा ७५ वॉटपर्यंत खातात. मग प्रोसेसर आणि स्क्रीनसाठी उरतं काय?

तिसरी अडचण उष्णतेची. स्क्रीनमागच्या अरुंद पोकळीत एकच छोटा पंखा असतो आणि तो आधीच धुळीने भरलेला असतो. (ते मशीन उघडल्यावर आम्ही पहिलं काम केलं ते हेच. पंख्यातून निघालेला धुळीचा पापुद्रा अखंड होता.)

मग काही मशीनमध्ये बसतं ते कसं?

त्यांच्यात एमएक्सएम नावाचा छोटा स्लॉट असतो. एनव्हिडियाने २००४ मध्ये लॅपटॉपसाठी ही रचना पुढे आणली. यातलं कार्ड तळहातावर मावतं. एमएक्सएमच्या तिसऱ्या पिढीतला लहान आकार ८२ बाय ७० मिलिमीटरचा, मोठा ८२ बाय १०५ चा. ॲपलचे २००९ ते २०११ मधले २७ इंची आयमॅक आणि एचपीचं २०१२ मध्ये जाहीर झालेलं झेड-१ वर्कस्टेशन ही त्याची ठळक उदाहरणं. झेड-१ ची रचना तर गाडीच्या बॉनेटसारखी: मशीन आडवं करायचं, झाकण उचलायचं, पेचकसही लागत नाही. आत ४०० वॉटपर्यंतचा वीजपुरवठा. पण ते महागडं व्यावसायिक यंत्र होतं. आपल्याकडच्या दुकानांत, सेवा केंद्रांत दिसणारी ऑल-इन-वन त्या जातीची नाहीत.

आयमॅकची गोष्ट वेगळी. २०११ च्या २७ इंची मॉडेलमधली एएमडी रेडिऑन एचडी ६९७०एम ही कार्डं काही मशीनमध्ये बिघडू लागली, तेव्हा ॲपलने ऑगस्ट २०१३ मध्ये ती बदलून देण्याची योजना काढली. योजना संपल्यावर हौशी लोकांनी स्वतःच त्या जागी एनव्हिडियाची क्वाड्रो मालिकेतली लॅपटॉप कार्डं बसवायला सुरुवात केली. या मॉडेलची पुढची काच चुंबकांवर टिकलेली असते आणि रबरी कप लावून निघते. पण कार्ड नुसतं खोचून भागत नाही. उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्टीत बदल करावा लागतो. कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर बदलावं लागतं, नाहीतर मशीन सुरू होतानाचा पडदा काळाच राहतो. कार्ड मिळतं तेही जुनंच, लॅपटॉपमधून काढलेलं. २०१२ च्या अखेरीस आलेल्या आयमॅकमध्ये काच चिकटवलेली आणि चिप डाखलेली, त्यामुळे तो रस्ता तिथे बंद झाला.

तुमच्या मशीनमध्ये एमएक्सएम आहे का, हे मॉडेल नंबरवरून त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहता येतं. मॉडेल नंबर मागच्या स्टिकरवर असतो. मॅन्युअलमध्ये ‘ग्राफिक्स कार्ड काढणे’ असं प्रकरणच नसेल, तर शोध तिथेच थांबवा.

बाहेरून जोडलं तर?

२०१५ नंतरच्या काही मशीनवर थंडरबोल्ट ३ हा पोर्ट असतो आणि त्याला बाहेरची ग्राफिक्स पेटी जोडता येते. जुन्या स्वस्त ऑल-इन-वनवर तो नसतो. मग वाय-फाय कार्डाच्या जागी ॲडॅप्टर लावून मोठं कार्ड जोडण्याची युक्ती व्हिडिओंमध्ये दाखवतात. ती चालते, खोटी नाही. पण त्या वाय-फायच्या स्लॉटमधून सेकंदाला जेमतेम ५०० मेगाबाइट माहिती जाते. डेस्कटॉपच्या पूर्ण लांबीच्या पीसीआय ३.० स्लॉटमधून जाते साधारण १६ गिगाबाइट. शेतातल्या तीन इंची पाइपचं पाणी इंजेक्शनच्या सुईतून काढण्यासारखा प्रकार. शिवाय वाय-फाय कार्ड निघालं की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणारं दुकान इंटरनेटशिवाय बसतं.

कार्डाला स्वतंत्र वीजपुरवठा लागतो, तो वेगळाच. धडगावच्या दुकानात इन्व्हर्टर आहे. वीज गेली की त्यावर जेवढा वेळ काम निघतं, तेवढंच त्या दिवसाचं काम. ९० वॉटच्या मशीनशेजारी आणखी तेवढंच खाणारं कार्ड लावलं, तर तो वेळ निम्म्यावर येतो. आणि पूर्ण वेग हवा असेल तर स्क्रीनही वेगळी जोडावी लागते, कारण चित्र मशीनच्या स्वतःच्या स्क्रीनवर परत आणताना त्याच अरुंद वाटेने यावं लागतं. म्हणजे कार्ड, वीजपुरवठा आणि मॉनिटर घेतला. उरला फक्त डबा!

यूएसबीला जोडायचं ‘ग्राफिक्स कार्ड’ ऑनलाइन दिसतं, ते दुसरी स्क्रीन लावायच्या कामाचं. वेग त्याने वाढत नाही.

मुळात अडतंय काय?

हा प्रश्न आधी विचारायचा असतो, आणि तोच राहून जातो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि नेहमीचं काम सुरू करून आकडे पाहत राहा. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅमचा. प्रोसेसर १०० वर गेला आणि व्हिडिओ अडकू लागला, तर मात्र ग्राफिक्सचा संबंध असू शकतो. या यादीत ‘जीपीयू’चा रकानाच दिसला नाही तर घाबरू नका. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुन्या पद्धतीचा असला की विंडोज १० तो दाखवत नाही.

धडगावच्या मशीनवर तो रकाना नव्हताच. तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅमची एकच पट्टी आणि फिरती हार्ड डिस्क. विंडोज सुरू होऊन स्थिर व्हायलाच डिस्क बराच वेळ १०० वर अडकून राहायची. इथे ग्राफिक्स कार्ड काय करणार?

पण व्हिडिओ अडकण्याचं कारण आणखी वेगळं निघालं, आणि ते बऱ्याच जणांच्या उपयोगाचं आहे. हल्लीचे अनेक फोन फोर-के व्हिडिओ एच.२६५ या पद्धतीने दाबून साठवतात. फाइल जवळपास निम्मी होते, पण ती उलगडायला प्रोसेसरमध्ये खास भाग लागतो. इंटेलमध्ये तो सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ पासून आला. त्याआधीच्या मशीनमध्ये ते सगळं काम प्रोसेसरला हाताने करावं लागतं. म्हणजे मशीन २०१३ चं आणि त्यात ओतला जाणारा व्हिडिओ आजचा. जुनी एच.२६४ पद्धत हेच मशीन सहज उलगडतं.

उपाय फुकटात आहे. फोनच्या कॅमेऱ्यात ‘हाय एफिशियन्सी’ व्हिडिओ बंद करायचा. आयफोनमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडायचं. फाइल मोठी होते, फोन लवकर भरतो, हे मान्य. आधीच शूट झालेल्या व्हिडिओसाठी शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या मोफत एडिटरमध्ये ‘प्रॉक्सी’ची सोय आहे. एडिटर मूळ व्हिडिओची हलकी नक्कल बनवतो, तुम्ही कापाकापी त्या नकलेवर करता आणि शेवटी मूळ व्हिडिओतूनच फाइल तयार होते.

आम्ही त्या मशीनमध्ये तीन गोष्टी केल्या. धूळ काढली. हार्ड डिस्कच्या जागी साटा एसएसडी बसवली. फिरती डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटच्या आसपास वाचते, साटा एसएसडी ५०० च्या. आणि रिकाम्या खाचेत रॅमची दुसरी, त्याच वेगाची ४ जीबी पट्टी टाकली. ही दुसरी पट्टी म्हणजे गरिबाचं ग्राफिक्स कार्डच. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच काम भागवतं. डीडीआर-३ १६०० च्या एका पट्टीतून सेकंदाला १२.८ गिगाबाइट जातात, दोन पट्ट्या लावल्या की वाट दुप्पट, २५.६. ऑल-इन-वनमध्ये बहुधा लॅपटॉपची आखूड पट्टी लागते. डीडीआर-३ आणि कमी दाबावर चालणारी डीडीआर-३ एल यांत गल्लत करू नका. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवणं उत्तम.

सगळं मिळून खर्च त्या १४,००० पेक्षा बराच कमी झाला आणि मशीन एका दुपारीत परत टेबलावर आलं. फरक किती पडला? दुकान उघडल्यावर चहा येईपर्यंत आता थांबावं लागत नाही. प्रॉक्सीवर व्हिडिओ कापताना अडकत नाही. पण तयार गाण्याची अंतिम फाइल बनवायला अजूनही वेळ लागतो, मोठी असेल तर तो रात्री लावून जातो. प्रोसेसर तोच आहे, तिथे जादू नाही.

काही दारं तरीही बंदच

ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून त्याला ओपनजीएल ४.३ लागतं. तिसऱ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सकडे विंडोजवर ४.० पर्यंतच आहे. अशा मशीनवर ब्लेंडरची ३.६ ही आधीची आवृत्ती वापरावी लागते.

विंडोजचा मुद्दा याहून गंभीर आहे. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट घेतले, तरी ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीच्या आसपासचे आणि त्यापुढचेच प्रोसेसर स्वीकारतं. तुम्ही कुठलंही ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी ही अट सुटत नाही. ज्या मशीनवर लोकांचे आधार क्रमांक, दाखल्यांचे अर्ज, बँकेचे व्यवहार हाताळले जातात, तिथे जुनं विंडोज तसंच चालवत राहणं मला योग्य वाटत नाही. लिनक्स मिंट अशा मशीनवर चांगलं चालतं, शॉटकट आणि केडेनलाइव्ह त्यावरही आहेत. फक्त बायोमेट्रिक यंत्र किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, ते आधी पाहा.

खरोखरच ग्राफिक्स कार्ड हवं असेल, तर कार्यालयांतून निघालेला, आठव्या पिढीनंतरचा जुना उभा डबा शोधा. घेताना झाकण उघडून लांब स्लॉट आणि वीजपुरवठ्यावरचा आकडा बघा. तुमच्या ऑल-इन-वनवर एचडीएमआय ‘इन’ लिहिलेला पोर्ट असेल, तर त्याची स्क्रीन या नव्या डब्याचा मॉनिटर म्हणून वापरता येते. नुसता ‘आउट’ असेल तर नाही.

आणि कोणी कार्ड बसवून देतो म्हणालं, तर एकच गोष्ट मागा: माझ्या मॉडेलच्या बोर्डावर ते ज्या स्लॉटमध्ये बसणार आहे, त्या स्लॉटचा फोटो. धडगावच्या त्या तरुणाने माझ्यासमोरच हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर मी निघेपर्यंत आलेलं नव्हतं.