विहीर आणि शोषखड्डा
गोव्यात घर बांधताना आरोग्य खात्याचा दाखला लागतो, तो उगाच नव्हे. सेप्टिक टाकीत मैला तळाला बसतो. पण बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. शोषखड्ड्यातून मुरताना माती ते गाळते. जांभ्या दगडात मात्र भेगा व पोकळ्या असतात. त्यांतून ते न गाळताच विहिरीत उतरू शकते. पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा धोका अधिक. कावीळ, हगवण, विषमज्वर अशा पाण्यानेच पसरतात.

म्हणून शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर, म्हणजे सुमारे 60 फूट दूर व उताराच्या खालच्या अंगाला खणावा. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही अंतर मोजावे. पागोळ्यांचे पाणी टाकीत सोडू नये. बसलेला गाळ ढवळून बाहेर पडतो. ते वेगळ्या चराने शेताकडे न्यावे. पावसाळ्यात पाणी उकळूनच प्यावे.