दंतवैद्यापासून उपवास लपवू नका

बँकेत कर्जप्रकरणे हाताळताना एक गोष्ट मनावर ठसली होती. अर्जदाराने दडवलेली माहिती आरंभी किरकोळ वाटते. पुढे प्रकरण बिघडते ते बहुधा तिच्यामुळेच. दंतवैद्याकडील फॉर्मलाही हाच नियम लागू पडतो, हे गेल्या पर्युषणात मी डोळ्यांनी पाहिले.

उल्हासनगरातील माझे एक आप्त, कापडाचे व्यापारी, मधुमेही. उपवासाच्या दिवशी दाढ असह्य ठणकू लागली म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेले. फॉर्मवर ‘मधुमेह’ आणि ‘चालू औषधे’ या दोन्ही रकान्यांत त्यांनी ‘नाही’ लिहिले. उपवासाचा तर रकानाच नव्हता. प्रत्यक्षात सकाळी उकळलेल्या पाण्याबरोबर मधुमेहाची गोळी घेऊन ते निघाले होते.

भुलीचे इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांतच त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. डॉक्टरांनी काम थांबवले, खुर्ची आडवी केली, पाय उंच केले आणि बोटातून रक्त घेऊन साखर तपासली. ती ५२ निघाली; ७० च्या खाली गेली तरी ती धोक्याची. ग्लुकोजचे पाणी पुढे येताच आप्तांनी ओठ मिटले. “माझे पच्चक्खाण आहे!”

डॉक्टर शांतपणे म्हणाले, “काका, शुद्ध हरपली तर तोंडावाटे काहीच देता येणार नाही. आता घोटभर घ्या.” ते प्यायले. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासली, ती वर आली होती. दाढेचे काम पुढे ढकलले गेले.

नंतर महाराजसाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी पच्चक्खाणातील ‘आगारां’ची आठवण करून दिली. व्रत घेतानाच काही सवलती राखून ठेवलेल्या असतात. तीव्र व्याधीत मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा त्यांतलीच एक. व्रताला जीवघेणा हट्ट अभिप्रेत नाही. म्हणूनच मधुमेहींनी तपश्चर्येपूर्वी गोळ्यांची मात्रा व वेळ आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी आणि दातांचे काम शक्यतो पारण्यानंतर ठेवावे.

दंतवैद्याच्या खुर्चीवर सर्वांत जास्त आढळणारा प्रसंग म्हणजे भीतीने किंवा रिकाम्या पोटी येणारी भोवळ. आडवे करून पाय उंचावले की बहुतेकांना लवकरच बरे वाटते. पण छातीत दुखणे, दमा उसळणे, औषधाची तीव्र ॲलर्जी हे प्रसंग गंभीर होत. यांसाठी दवाखान्यात प्राणवायू, ग्लुकोज, ॲस्पिरिन, दम्याचा पंप व ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन तयार हवे. ते आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? लॉकरची चावी घेताना आपण चार प्रश्न विचारतोच ना!

आपलेही कर्तव्य आहे. हृदयविकार असल्यास आवर्जून सांगावे, कारण भुलीच्या औषधात बहुधा ॲड्रिनॅलिन मिसळलेले असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. दंतवैद्य व हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास ठळक लिहावी. चौविहार पाळणाऱ्यांनी तेही सांगावे, म्हणजे गोळ्यांच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसवता येतात का, हे डॉक्टर पाहू शकतील.

प्रसंग हाताबाहेर जातो असे दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पत्ता सांगताना उल्हासनगरात कॅम्प क्रमांक व जवळचा चौक, तर अंबरनाथ-बदलापुरात पूर्व की पश्चिम हे आधी सांगावे. रेल्वेमार्गाने ही शहरे दुभागली आहेत; चुकीच्या बाजूला गेलेली गाडी परतण्यात मोलाची मिनिटे जातात. उल्हासनगर कॅम्प ३ चे मध्यवर्ती रुग्णालय व अंबरनाथचे छाया रुग्णालय आपल्या घरापासून किती अंतरावर आहे, हे आजच पाहून ठेवावे.

घरातील प्रत्येक ज्येष्ठासाठी एक कार्ड लिहा: आजार, गोळ्या, ॲलर्जी, नातलगाचा क्रमांक. ते पाकिटात राहू द्या. माझे आप्त आता दवाखान्यात शिरताच ते कार्ड टेबलावर ठेवतात आणि उपवास असेल तर तोही सांगतात.